सव्वाआठची बस आणि मी

शिवणाच्या डब्यात बटणं कोणी मुद्दाम जमवत नाही. एक शर्ट फाटतो, दुसरा पोछ्याला जातो, बटणं तेवढी काढून डब्यात टाकायची. मग एक दिवस डबा हलवला की खुळखुळतो! किस्स्यांचं असंच आहे. परवा नात सहज म्हणाली, "आजी, तू कधी नोकरी केलीस का गं?" झालं! माझा चहा थंड झाला, तिची फिल्म बुडाली, तरी आमचं संपेना.

नोकरी म्हणजे दुसऱ्याचं पोर सांभाळायची. इंदूरच्या कापडाच्या मिल एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. आमचे हे मिलमध्ये मागावर होते. मिलला टाळं लागलं. मुलगा सुरतेला गेला, सुनेला पण घेऊन गेला. राहिलो आम्ही दोघं. तेव्हा शेजारची कमल म्हणाली, "गया, रडत काय बसलीस? चल माझ्याबरोबर सुदामा नगरात. तिथं घरोघरी पोरं आहेत आणि आया सगळ्या ऑफिसात!"

*

ज्या घरी कमल मला घेऊन गेली, त्या मेघाबाई अकोल्याच्या. नवरा देवासला इंजिनियर, रोज जाऊन-येऊन; त्यांना मी साहेब म्हणायची. बाईंना बेटम्याजवळ सोयाबीनच्या तेलाच्या नव्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नोकरी लागली होती. दिवसच तसे होते, एकीकडे टाळं लागायचं, दुसरीकडे नारळ फुटायचा! घरात अकरा महिन्यांची प्राजू.

बाईंनी विचारलं, "गयाबाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"महूच्या. माझे वडील पलटणीत होते."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. "फौजीची मुलगी? मग टाइमच्या एकदम पक्क्या असणार! मेघा, ह्यांनाच ठेव."

ठरलं. आठला यायचं. सव्वाआठला नाक्यावर कारखान्याची बस येते आणि ती कोणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी फौजीची मुलगी पोचली, तेव्हा बस जाऊन अर्धा तास झाला होता!

*

आता खरं काय ते सांगते. मला घड्याळ समजत नव्हतं. शाळेची पायरी चढले नाही, आणि गरज पण पडली नाही. मिलचा भोंगा होता ना! पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला ह्यांचा डबा, तिसऱ्याला हे गेटच्या आत. पोरांची अंघोळ, दुपारची डाळ, बसून राहिलेल्या पाहुण्याला उठवणं, सगळं भोंग्यावर. मिल बंद झाली आणि भोंगा पण बंद. पगार गेला ते सगळ्या दुनियेला कळलं. टाइम पण गेला, ते फक्त आम्हा बायकांना कळलं.

हे पहाटेच उठून मिलच्या गेटवर धरण्याला जाऊन बसायचे. विचारायचं कोणाला? उन्हाकडे बघून निघायची मी. आणि दिवस थंडीचे, ऊन माझ्यापेक्षा लेट!

एकदा धरण्यावर बायकांना पण बोलावलं. नेताजी माइकवर म्हणाले, "बहनों, आप भी अपनी माँग रखो।"

कमल उठली. "भिया, मिल जब खुले तब खुले। भोंगा तो आज से बजा दो!"

सगळे पोट धरून हसले. मी नाही हसले. मला ती माँग एकदम वाजवी वाटली!

*

पहिला महिना भरला. साहेबांनी कायदाच काढला होता, लेट आलं की आधा दिवस कटणार. मी सहा वेळा लेट. तीन दिवसांचा पगार कटला.

बाईंनी पाकीट दिलं, पण माझ्याकडे बघेनात. चूक माझीच होती. चपला घालत होते, तेवढ्यात बाई आतून एक थैली घेऊन आल्या. आत साखर, चहा, त्यांची एक चांगली साडी.

"हे काय, बाई?"

"कापलं ते ह्यांनी. हे माझं." मग हळूच म्हणाल्या, "पण गयाबाई, माझी नोकरी अजून कच्ची आहे हो. सहा महिन्यांनी मोठे साहेब ठरवणार, ठेवायचं की नाही. बस चुकली म्हणून ताकिदीची एक चिठ्ठी आली आहे मला."

त्या दिवशी मला समजलं, लेट मी होते आणि भरत त्या होत्या.

दोन-चार दिवसांनी साहेब स्वयंपाकघरात डबा वाजवत उभे. "अगं, साखर इतक्यात कशी संपली?"

बाई भाजी चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गयाबाई फार लेट येतात ना!"

साहेबांनी मान हलवली, जसं काही गणित बरोबर सुटलं, आणि निघून गेले!

*

मग साहेबांनी मला अलारमचं घड्याळ आणून दिलं. मनाने चांगला माणूस. म्हणाले, "आता बहाणा नाही, गयाबाई."

मी "हो साहेब" म्हणाले. काय सांगणार? घड्याळ घरी नेलं, समोर ठेवलं. ते टिकटिक करायचं, मी बघायची. ते मला सांगत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं!

तीन दिवसांनी मनाशी ठरवलं, लाज गेली चुलीत. बाईंनाच विचारायचं. घड्याळ थैलीत टाकलं आणि सवारीच्या टेम्पोत बसले. अर्ध्या रस्त्यात थैली जी वाजायला लागली! शेजारची सवारी किंचाळली, एक जण चालत्या टेम्पोतून उडी मारायला निघाला. ड्रायव्हरने टेम्पो रस्त्याच्या कडेला घातला आणि स्वतः दहा पावलं लांब जाऊन ओरडला, "अम्मा! थैली में क्या है?"

मी थैली पोटाशी धरून म्हटलं, "टाइम है, भिया!"

त्या दिवशी पण लेट. बाई दारातच उभ्या, पर्स खांद्यावर, चेहरा लाल. मी थैलीतून घड्याळ काढलं आणि म्हटलं, "बाई, ह्यात आठ कुठे असतात तेवढं दाखवा."

बाईंनी मग पर्स खाली ठेवली. आपल्या कपाळावरची लाल टिकली काढली आणि घड्याळाच्या काचेवर लावली. "गयाबाई, लहान काटा ह्या टिकलीशी आला आणि मोठा काटा एकदम वर गेला, की घरून निघायचं. बाकीचं घड्याळ माझं, एवढं तुमचं."

चिठ्ठी दुसरी आली त्यांना त्या दिवसाची. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

*

टिकलीने कमाल केली. महिनाभर मी बसच्या आधी हजर!

मग एक दिवस मला सफाईची हुक्की आली. ओल्या फडक्याने काच पुसली, टिकली फडक्याबरोबर निघाली. अंदाजाने परत लावली.

दुसऱ्या दिवशी दार वाजवलं तेव्हा बाहेर अजून अंधारच होता. साहेबांनी उघडलं. तोंडात ब्रश, अंगात बनियन. मागे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडातला फेस सांभाळत म्हणाले, "गयाबाई, तुम्ही कालच्या लेट आहात की आजच्या लवकर?"

*

घरून टाइमवर निघून भागत नाही. इंदूरचा टेम्पो सवारी भरल्याशिवाय हलत नाही. एका सकाळी एक सीट रिकामी आणि ड्रायव्हर विडी पेटवून बसलेला. कमल कोणाची तरी रजाई भरून आणत होती, गाठोडं हे मोठं! तिने गाठोडं सीटवर ठेवलं, वरून आपली शाल गुंडाळली, चांगला घुंघट काढला आणि आवाज दिला, "चलो भिया, मेरी देवरानी आ गई!"

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "देवरानी कुछ बोलती नहीं?"

"नई है भिया। अभी से बोलने लगी, तो हम कहाँ जाएँगे!"

टेम्पो निघाला. सुदामा नगर येईपर्यंत मी देवरानीचा हात धरून बसले होते!

*

बाईंचे सहा महिने संपत आले. शनिवारी मला म्हणाल्या, "गयाबाई, सोमवारी मोठे साहेब बोलावणार आहेत. तेवढ्या दिवशी..."

"बाई, अगदी फिकीर करू नका!"

आणि त्याच सोमवारी आमच्या ह्यांची पोह्यांची गाडी लागायची होती. धरण्यावर बसून बसून शेवटी ह्यांनी हातगाडी घेतली. पहाटे मी पोहे केले, शेव, जिरावनचा मसाला, कांदा, लिंबू, सगळं मांडून दिलं. गाडी चौकात लावली. टिकलीचा टाइम झाला तशी मी निघाले.

वळून बघितलं तर हे गाडीकडे पाठ करून उभे! तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काम केलेला माणूस. तोंडातून हाक निघेना. समोरून मिलचेच लोक जात होते. ह्यांना वाटे, त्यांनी आपल्याला बघू नये. आणि ते बिचारे, ह्यांना वाईट वाटू नये म्हणून, रस्त्याच्या पलीकडून जात होते.

माझं पाऊल पुढे पडेना. परत आले, पदर खोचला आणि ओरडले, "पोहे लो भिया, गरमागरम पोहे!"

कोणी थांबेना. पुन्हा ओरडले. पुन्हा. शेवटी एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर तोच, दहा पावलं लांब पळालेला! माझ्या थैलीकडे बघत म्हणाला, "अम्मा, आज टाइम तो नहीं लाई ना?" आणि उभ्या उभ्या दोन प्लेट खाल्ल्या. त्याला बघून आणखी दोन टेम्पो लागले. मग आमचे हे वळले. झारा हातात घेतला. तिसऱ्या माणसाला स्वतःच म्हणाले, "नींबू और डालूँ, भिया?"

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अगं, तू अजून इथंच?"

सुदामा नगरात पोचले तर दाराला कुलूप! शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "मेघा पोरीला घेऊनच बसमध्ये चढली. रडत होती."

"कोण, प्राजू?"

"दोघी."

तशीच उलट पावली निघाले. धारची बस पकडली, बेटम्याला उतरले, विचारत विचारत कारखान्याच्या गेटवर. चौकीदार काठी आडवी धरून म्हणाला, "किससे मिलना है?"

आतून प्राजूचा आवाज येत होता, सारा कारखाना डोक्यावर घेतला होता पोरीने. मी म्हटलं, "जो रो रही है, उससे।"

त्याने काठी बाजूला केली!

आत गेले तर मोठ्या साहेबांची खोली. टेबलावर पाणी सांडलेलं, कागद भिजलेले. बाईंच्या कडेवर प्राजू लालबुंद. मोठे साहेब उभे, कपाळाला आठ्या. "मैडम, बच्ची को लेकर फैक्टरी में? आपकी आया देर से आती है क्या?"

तेवढ्यात बाईंनी मला बघितलं. मी दारात, घामाने भिजलेली, एका चपलेचा अंगठा तुटलेला. एक 'हो' म्हटलं असतं त्यांनी, तर सगळं माझ्यावर आलं असतं आणि त्या सुटल्या असत्या. खरंच तर होतं ते! मी मान खाली घातली.

बाई म्हणाल्या, "नहीं सर। आज मैंने ही इनको यहाँ बुलाया था। देखिए, टाइम पर आ गईं।"

प्राजूने माझ्याकडे झेप घेतली आणि खांद्यावर डोकं टाकून एकदम गप्प. मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्या चपलेकडे बघितलं, गप्प झालेल्या पोरीकडे बघितलं. म्हणाले, "फिर ठीक है। बैठिए मैडम, काम की बात करते हैं।"

दिवसभर मी गेटजवळच्या लिंबाखाली प्राजूला घेऊन बसले. संध्याकाळी कारखान्याच्या बसमध्ये आम्ही तिघी. बाईंची नोकरी पक्की झाली होती. मी त्यांना पोह्यांचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग, संपले का पोहे?"

एक तारीख आली. बाईंनी पाकीट पुढे केलं. मी हात मागे घेतला.

"बाई, आज साहेब नाही, मीच सांगते. तो सोमवार पूर्ण कापा."

बाई प्राजूचे केस विंचरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोणता सोमवार?"