अंगण कोणाच्या फोनमध्ये

विहिरीवरच्या मोटरची केबल चोरीला गेली, त्याच आठवड्यात आमच्या मळ्यावर कॅमेरे आले.

गंगापूर रोडनं शहर मागं टाकत धरणाच्या अंगाला निघालं, की डांबरी रस्ता सोडून थोडं आत आमचा मळा लागतो. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब, आणि मधल्या दिवसांत मेथी-कोथिंबीर. घर मळ्यातच आहे. पुढे मोठं अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड. तिथे कामाच्या बायका फुलं निवडायला बसतात. नवरा पहाटे माल घेऊन फूलबाजारात जातो. तो परत येईपर्यंत मळ्यावर मी, सासूबाई आणि त्या बायका.

केबल गेल्यावर कॅमेरे बसवू म्हणणारी मीच होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून माझा यंत्रांवर राग आहे असा काही जणांचा समज झाला. तसं काही नाही. ठिबक, बॅटरीवरचा फवारणी पंप, मोबाईलवरून चालू-बंद होणारी मोटर, हे सगळं आम्ही हौसेनं घेतलं आणि ते सगळं रोजच्या कामाचं आहे. पावसाळ्याच्या चिखलात मोटर चालू करायला विहिरीपर्यंत जावं लागत नाही, याचं सुख काय असतं ते मला कोणी सांगायला नको.

शहरातला एक कॅमेरेवाला आमच्या ओळखीतून आला. तिशीतला, बोलायला गोड, हाताला चपळ. त्यानं एक कॅमेरा विहिरीवर लावला, एक फाटकावर, एक शेडमध्ये आणि एक घराच्या भिंतीवर, अंगणाकडे तोंड करून. शेवंतीचा एक तुकडा त्या अंगणातल्या कॅमेऱ्यात आपसूक यायचा. जाताना त्यानं माझ्या आणि नवऱ्याच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. आम्ही चारही कॅमेऱ्यांचे चार तुकडे स्क्रीनवर बघितले आणि खूश झालो. नवरा तर बाजारात बसल्या बसल्या सगळ्यांना मळा दाखवायचा.

मग एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि त्या कॅमेरेवाल्याचा फोन आला.

"वहिनी, तुमची कालवड सुटलीय. शेवंतीत शिरलीय, लवकर बघा."

मी पिठाच्या हातानं पळाले. कालवड खरोखरच शेवंतीत होती, नुकती कळी धरलेल्या ओळीत. शेडमधल्या दोघी मदतीला आल्या आणि आम्ही तिला ओढत गोठ्यात आणून बांधलं. नुकसान फारसं झालं नव्हतं. मी हात धुतले, पदरानं तोंड पुसलं आणि त्याचे आभार मानायचे म्हणून फोन हातात घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की हा माणूस शहरात त्याच्या दुकानात आहे. याला आमची कालवड दिसली कशी?

मी त्याला तेच विचारलं. त्यानं अगदी सरळ सांगितलं. दुकानात डबा खात बसला होता, म्हटलं सगळीकडे चालू आहे का ते बघावं.

"सगळीकडे म्हणजे?"

"सगळ्या गिऱ्हाइकांकडे, वहिनी. सगळे कॅमेरे माझ्या मोबाईलमध्ये असतात ना. सर्व्हिसला सोपं पडतं."

त्याच्या आवाजात चोरी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. मी आभार मानले आणि फोन ठेवला. मग अंगणात येऊन भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डोळ्याकडे बघत उभी राहिले.

माझं माहेर देवळाली कॅम्पचं. वडिलांचं बाजारात दुकान होतं, आजूबाजूला सगळं लष्कर. तिथल्या पोरांना अक्षरओळख होते तीच 'फोटो काढण्यास मनाई आहे' अशा पाट्या वाचत. कुठून बघायला परवानगी आहे आणि कुठून नाही, हे कॅम्पात कोणी कोणाला समजावत नाही. ते अंगातच येतं. त्यामुळे त्या दुपारी मला भीती वाटली नाही, पण एक गोष्ट स्वच्छ दिसली. आम्ही चोराची वाट बंद केली होती आणि दुसरी एक वाट स्वतःच उघडून दिली होती.

नवरा आल्यावर मी त्याला सांगितलं. त्याला त्यात वावगं वाटलं नाही. त्याचं म्हणणं, माणूस चांगला आहे, त्यानं आपलं पीक वाचवलं, उगाच त्याच्यावर संशय कशाला. आम्ही बोलत होतो ते ओट्यावर बसलेल्या सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मी न्हाऊन केस वाळवत बसते, ते बी दिसतं का त्याला?"

"दिसतं, आई."

"आन बोलल्यालं?"

मी ॲप उघडलं, आवाजाचं चिन्ह दाबलं आणि मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. अंगणाच्या त्या टोकाला दोन चिमण्या भांडत होत्या, त्या स्पष्ट ऐकू आल्या. सासूबाईंनी मोबाईल कानापासून दूर केला. त्यांचं रोजचं बोलणं अंगणातच चालायचं. बहिणीशी फोनवर, शेजारणीशी कुंपणावरून, आणि त्या बोलण्यात आमच्या सगळ्या नातेवाइकांचा समाचार असायचा. त्या दिवशी शेजारीण आली तेव्हा सासूबाई तिला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जरा जास्त वेळ बसले. कॅमेरे आल्यापासून बायका खिडकीपासची जागा सोडून क्रेटच्या उंच थप्पीमागे बसायला लागल्या होत्या. मला वाटलं होतं ऊन लागत असेल. आज मी सरळ विचारलं. त्यांच्यातली एक, पेठकडची, आमच्याकडे बरीच वर्षं येणारी, हसली आणि म्हणाली की लेकराला पाजायचं असतं, कधी पदर सोडून वारा घ्यायचा असतो, तर मालक बाजारातून बघत असतील असं वाटतं. मालक शेडचा कॅमेरा उघडत नव्हता हे मला माहीत होतं. पण नुसता मालकच बघू शकत होता, असंही आता नव्हतं. ते मी तिला सांगितलं. सगळ्यांचे हात थांबले. मग तिनं विचारलं, "मग ताई, तुम्ही आता काय करणार?"

मी म्हटलं, "उद्या त्याला बोलावते."

तो आला. मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, कालवडीबद्दल पुन्हा आभार मानले, आणि मग सांगितलं की आमचे कॅमेरे तुमच्या मोबाईलमधून काढा. माझ्यासमोर काढा. तो गोंधळला. सगळेच असं करतात म्हणाला. गिऱ्हाईक पासवर्ड विसरतं, मग प्रत्येक वेळी इतक्या लांब यावं लागतं. त्याची अडचण खोटी नव्हती, आणि तसं मी त्याला म्हटलंही. विसरले तर बोलवीन आणि येण्याजाण्याचे पैसे देईन, असंही सांगितलं.

त्यानं मोबाईल काढला आणि मी त्याच्या शेजारी बसून बघू लागले. ॲपमध्ये एक पान होतं, कॅमेरा कोणाच्या नावावर आहे ते सांगणारं. इंग्रजीत होतं, पण अर्थ सरळ होता. मालक म्हणून त्याचं दुकान. खाली माझा आणि नवऱ्याचा नंबर, पाहुणे म्हणून. आमच्या अंगणात आम्ही पाहुणे होतो. वरून पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सगळ्या गिऱ्हाइकांना तोच.

तो खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, मी कधी वाईट नजरेनं बघितलं नाही."

"मला माहीत आहे, भाऊ. म्हणून तर चहाला बोलावलं. पण उद्या तुमचा मोबाईल हरवला, तर तो ज्याला सापडेल त्याची नजर कशी असेल, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

त्यानं कप खाली ठेवला. मोबाईलवर आमच्या मळ्याच्या खाली आणखी पुष्कळ नावं होती. तो ती वरखाली करत राहिला. एका नावावर त्याचं बोट थांबलं. कोणतं तरी ब्युटी पार्लर होतं. मी नजर दुसरीकडे वळवली. ते बघायचा मलाही हक्क नव्हता. त्यानं स्क्रीन बंद केली.

नंतर त्यानं मन लावून काम केलं. तीन कॅमेरे स्वतःच्या नावावरून काढले आणि माझ्या मोबाईलवर पहिल्यापासून जोडून दिले. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा न सांगता तोंड फिरवून उभा राहिला. शेडमधला कॅमेरा आम्ही शेडच्या दाराबाहेर नेला, म्हणजे खताच्या गोण्या आणि औजारं नेणारा माणूस दिसेल आणि आत बसलेली बाई दिसणार नाही. विहिरीवरचा आणि फाटकावरचा जिथल्या तिथे ठेवला.

अंगणातला मात्र अडून बसला. तो वेगळ्याच कंपनीचा निघाला. कंपनी म्हणावं असं काही नव्हतंच, डब्यावर ना पत्ता ना तक्रारीचा नंबर. त्याचा पासवर्ड बदलता येत नव्हता आणि आवाज बंद होत नव्हता. शिवाय नव्यानं जोडायला त्याचं वेगळं ॲप लागत होतं, आणि ते माझ्या मोबाईलमधले फोन नंबर मागत होतं, दिले नाहीत की चालायचंच बंद. कॅमेऱ्याला माझ्या नणंदेचा नंबर कशाला हवा, हे कॅमेरेवाल्यालाही सांगता येईना. शेवटी त्यानंच कबूल केलं की चार एकसारखे शिल्लक नव्हते, म्हणून हा स्वस्तातला लावला. चित्र चांगलं दिसतं, गिऱ्हाईक तेवढंच बघतं. त्यानं तो काढून नेला. बदली दुसरा देतो म्हणाला, पण मी म्हटलं, आधी घरात ठरू दे.

घरात ठरायला वेळ लागला. संध्याकाळी नवऱ्यानं भिंत मोकळी बघितली आणि तो नाराज झाला. बाकी सगळं पटलं त्याला. मालक आणि पाहुणे हे ऐकून तर तो चांगलाच तापला. पण अंगणातला कॅमेरा त्याला हवाच होता. अंगणातून चोरीला जाण्यासारखं काय आहे, मी विचारलं. तो उत्तर टाळत राहिला. शेवटी जेवताना हळूच म्हणाला की गेल्या पावसाळ्यात आई टाकीपाशी घसरून पडली, तेव्हापासून बाजारात असलो की माझं मन लागत नाही. माल उतरवला की मी आधी अंगण बघतो. ऊन खात बसलेली दिसली की बरं वाटतं.

इतके दिवस मी समजत होते की याला नव्या खेळण्याची हौस आहे.

सासूबाई पलीकडे जेवत होत्या. त्यांनी घास खाली ठेवला.

"मला बघायचं आसंल तर फोन कर ना. कॅमेऱ्यात तू मला बघतो. मी तुला कुठं बघते?"

तो मान खाली घालून जेवत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून सासूबाईंच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. त्यांनी आधी मोबाईल कानाला लावला, मग मी तो त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी शेवंतीला काय भाव मिळाला ते विचारलं, त्याचा शर्ट कुठे उसवलाय ते सांगितलं, आणि चहा प्यायला का म्हणून दोनदा विचारलं. तेव्हापासून माल संपला की हा फोन येतो. ज्या दिवशी उशीर होतो, त्या दिवशी सासूबाईच लावतात आणि त्याच्या मागे दिसणाऱ्या व्यापाऱ्यांशीही बोलतात. टाकीपाशी आम्ही खरबरीत फरशी बसवून घेतली आणि धरायला एक लोखंडी नळी. हे काम आधीच व्हायला हवं होतं.

बदलीचा चौथा कॅमेरा आम्ही घेतला तो शेताच्या मागच्या बांधासाठी. घेताना मी दुकानात बसून पासवर्ड बदलता येतो का, आवाज बंद होतो का, बिघडला तर कोणाला धरायचं, हे आधी बघितलं आणि मगच वरच्या फरकाचे पैसे दिले. कॅमेरेवाला तोवर शहाणा झाला होता. आता तो कुठेही कॅमेरा बसवला की आधी घरातल्या बाईचा मोबाईल मागतो, मालक म्हणून तिचं नाव घालतो आणि पासवर्डच्या वेळी तोंड फिरवतो. जुन्या गिऱ्हाइकांकडेही एकेक करून जाऊन आला म्हणे. काही जणांनी त्याला उगाच कशाला त्रास घेतोस म्हटलं, काहींनी शिव्या घातल्या. पार्लरवाल्या बाईंकडे तो सगळ्यात आधी गेला होता, एवढं त्यानं मला आपणहून सांगितलं.

यंदा गावात चौकात कॅमेरे बसवायचं ठरत होतं. मारुतीच्या पारावर बैठक होती. बायका मागे बसल्या होत्या, मीही. कुठे बसवायचे, किती लांबचं दिसतं, याची चर्चा रंगली होती. मी उठून विचारलं की हे चित्र कोणाकोणाला दिसणार आणि ते कोण ठरवणार. एकानं म्हटलं, आपल्याच गावची माणसं, ताई, परकं कोण आहे. मी म्हटलं, मग त्या माणसांची नावं आत्ताच सांगून टाका, म्हणजे सगळ्यांना माहीत होतील. मग दोन नावं ठरली, आणि त्यात एक बाईचं ठरलं. सार्वजनिक नळाकडे, जिथे बायका धुणं धुतात, तिकडे वळवायचा ठेवलेला कॅमेरा रस्त्याकडे वळवायचा, हेही त्याच बैठकीत ठरलं. कॅमेरे आता बसले आहेत. पंचायतीच्या भिंतीवर त्या दोघांची नावं मोठ्या अक्षरात रंगवली आहेत, येता-जाता कोणालाही वाचता येतील अशी.