आमच्या कॅसेटचं परीक्षण

आमच्या पहिल्या कॅसेटवर गावातल्या पेपरात एकच परीक्षण आलं, आणि ते मीच लिहिलेलं होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही तिघं जॅझ वाजवायचो, तेही नाशकात. म्हणजे आमच्या डोक्यावर परिणाम झालाय हे घरोघरी ठरलेलंच होतं. मी पियानोवर. माझे वडील गोदाकाठी यजमानांचे विधी सांगायचे, आणि मुलगा शाळेच्या हॉलमधला जुना पियानो बडवायला जातो हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ड्रम्सवाला सिन्नरचा, कारखान्यातली पाळी संपवून यायचा. आणि डबल बास वाजवणारा माझा नाशिक रोडचा मित्र, सरकारी कारकून. माणसाएवढं ते वाद्य तो जीपच्या टपावर बांधून आणायचा. "केवढी वीणा ओ ही!" असं कुणी म्हटलं की हसून सांगायचा, "आमची सरस्वती उंच होती."

दोन वर्षं तालमी करून आम्ही कॅसेट काढली. मेन रोडच्या दुकानदाराने ती योगासनांच्या कॅसेटींशेजारी मांडली. नातेवाईक म्हणाले, "छान आहे, पण गाणं कधी सुरू होतं?" मी एका पेपरच्या कचेरीत कॅसेट देऊन आलो. तिथल्या साहेबांनी ती ऐकलीच नाही. म्हणाले, "आम्हाला यातलं काय कळतंय? तुम्हीच लिहून द्या, आम्ही छापतो." गावात तसंच चालायचं, ज्याचा कार्यक्रम, त्यानेच त्याचा वृत्तान्त लिहून पोचवायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मी लिहिलं आणि खाली 'एक रसिक' अशी सही केली. पण नुसत्या स्तुतीवर कोण विश्वास ठेवणार? एखादी चूक दाखवणं भाग होतं. ड्रम्सवाला तापट, तो घरी येऊन भांडला असता. स्वतःला नावं ठेवायला माझा हात धजेना. मित्र शांत, हसण्यावारी नेईल असं वाटलं. म्हणून लिहिलं, 'दुसऱ्या बाजूच्या पहिल्या रचनेत बास मागे रेंगाळतो. वादकाला लयीची उपजत जाण नसावी.' दुसरं वाक्य निव्वळ ऐटीत लिहिलं. खरं तर त्या जागी मीच घाई केली होती, आणि तो मला सांभाळून घेत होता.

त्याने ते कात्रण पाकिटात ठेवलं. मला म्हणाला, "बरोबर लिहिलंय रे. तिथे काहीतरी चुकतंय, हे मला जाणवत होतं." मी आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. तो तालमीला उशिरा यायला लागला, मग येईनासा झाला. "लय बोलावलं त्याला, येतच नाय," ड्रम्सवाला म्हणाला. काही महिन्यांनी कळलं, त्याने बास विकून टाकला.

चार-पाच वर्षांनी मुंबईच्या एका इंग्रजी मासिकात आमच्या कॅसेटवर दहा ओळी आल्या. लिहिणारा कुणी अनोळखी. पियानो उतावळा आहे, असं त्याने साफ लिहिलं होतं; ही कॅसेट ऐकावी ती बाससाठी. स्वतःवरची टीका वाचून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. अंक घेऊन मी मिळेल त्या बसने नाशिक रोड गाठलं.

त्याने दोनदा वाचलं आणि अंक मिटून मला परत दिला.

"मुंबईच्या माणसाने एकदा ऐकलं असेल, दिलं लिहून," तो म्हणाला. "आपल्या गावचा तो रसिक मात्र जीव लावून ऐकत होता. नाहीतर एवढी बारीक चूक कुणाला सापडते?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायचं तर आत्ताच, हे मला कळत होतं.

"कोण असेल रे तो?" त्याने विचारलं. "भेटला असता तर आभार मानले असते."

"काय माहीत," मी म्हणालो.