कळव्याच्या माशा आणि सासूबाईंचं नवं लुगडं

"हे नुसते माशांचे चावे नाहीत. विष अंगात भिनलंय. यांना शॉक बसलाय," ठाण्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. शॉक म्हणजे नाडी बुडणं, अंग गार पडणं. माझे डोळे सुजून मिटले होते, पण कान शाबूत होते. मनात आलं, आटोपलं सगळं!

आटोपलं नाही, म्हणून तर लिहिते आहे.

त्या सकाळी मी नि सासूबाई ठाण्याहून खाडीपलीकडे कळव्याला एका बारशाला गेलो होतो. हे नोकरीपायी मुंबईत, त्यामुळे आम्ही दोघीच. सासूबाईंचं सोवळं कडक आणि दरारा त्याहून कडक. परतताना वाटेत राब भाजत होते, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा घालून जमीन जाळत होते. वारा फिरला आणि धुराचा लोट थेट एका आंब्यात शिरला. त्यावर आग्यामोहोळ होतं, हे आम्हाला कुठे ठाऊक!

घोंघावत सगळं मोहोळच आमच्यावर उतरलं. माझ्या अंबाड्यात सुरंगीच्या फुलांचा घमघमता वळेसर. पहिल्या माशा तिथेच बसल्या. मी हातांनी वारू लागले, तशा त्या आणखीच चवताळल्या.

"हात नको हलवू गं! पळ!" सासूबाई ओरडल्या. बारशात मिळालेलं नवं लुगडं त्यांनी फडकन उलगडलं, दोघींच्या डोक्यांवरून घेतलं आणि मला कवेत धरून धावत सुटल्या. समोरच खाडीकाठी असलेल्या एका होडीवाल्याच्या झोपडीत शिरून दार लावून घेतलं, तेव्हाच थांबल्या.

तिथे त्यांनी माझ्या मानेतले काटे नखाने खरवडून काढले. वाटलं, संपलं. पण थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घशात गोळा आला आणि श्वासाला शीळ लागली.

"हळद लावून बसायची ही गोष्ट नाही," सासूबाई झोपडीवाल्याला म्हणाल्या, "बाबा, होडी काढ!"

ओहोटी लागली होती. आणखी उशीर झाला असता तर होडी चिखलात रुतली असती. झोपडीवाला जिवाच्या आकांताने वल्हवत होता आणि सासूबाई खाडीभर एकच म्हणत होत्या, "श्वास घे. घे गं बाई, श्वास घे."

दवाखान्यात डॉक्टरांनी माझे पाय उशीवर उंच ठेवले आणि अमोनिया हुंगवला. मग म्हणाले, "स्टिम्युलंट द्यायला हवं." स्टिम्युलंट म्हणजे हृदयाला उभारी देणारं औषध.

"कसलं?" सासूबाईंनी विचारलं.

"ब्रँडी."

बाहेरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या घरातली मी!

"मग बघताय काय? पाजा!" सासूबाई म्हणाल्या, "प्रायश्चित्त लागलंच तर मी घेईन."

घसा जळला, खोकला आला. पण हळूहळू हातापायांत ऊब शिरली. डॉक्टरांनी मनगट धरलं. "पल्स सापडली," ते हसून म्हणाले. पल्स म्हणजे नाडी. त्या दिवसापासून याहून गोड शब्द मला माहीत नाही!

मगच त्यांचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांचं कपाळ, हात, सगळं टरारून सुजलेलं. "अहो, तुम्हालाही इतक्या चावल्या?"

"मोजायला सवड कुठे होती!"

आम्हाला शेजारी-शेजारी खाटा मिळाल्या. डोळे किलकिले करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं हे तोंड! अगदी भोपळा!" आणि त्या खुदकन हसल्या. मीही हसले, सुजलेले ओठ दुखले तरी हसत राहिले.

बायांनो, डॉक्टरांनी बजावलं ते तुम्हालाही सांगते. मोहोळाजवळ धूर दिसला तर ती वाट सोडा, वासाची फुलं माळून तिकडे फिरकू नका. माशा आल्याच तर तोंड झाकून आडोशाला पळा. काटा चिमटीत धरू नका, त्याने विष आणखी आत जातं. नखाने खरवडा आणि गार पाण्याची पट्टी ठेवा. पण घसा आवळला, घेरी आली, अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा. आणि एकदा असं झालेल्याने पुढे जन्मभर माशांपासून जपायचं.

घरी सोडलं तेव्हा आम्ही टेंभी नाक्यावरून पायी निघालो. ऊन लख्ख पडलं होतं, प्रत्येक श्वास मला मेजवानीसारखा वाटत होता. रिवाजाप्रमाणे मी त्यांच्या मागून चालत होते. सासूबाई थांबल्या, वळल्या आणि भर रस्त्यात त्यांनी माझा हात धरला.

"मागे कशाला? बरोबर चल."