सुधाताईच्या काचा

ताई गेल्याचा फोन मंदाचा आला. पनवेलजवळच्या कोन गावाहून ताईची शुश्रूषा करायला येणारी मंदा एवढंच म्हणाली, "दादा, ताई आता नाय... सकालपासून एकच इचारत व्हत्या, पेट्या कोरड्या हायत ना?" पेट्या कोरड्या नव्हत्या, आणि शुद्धीत असताना ताईला ते माझ्याआधी ठाऊक होतं.

माझी थोरली बहीण सुधा मुंबईतल्या एका संग्रहालयात जुनी छायाचित्रं सांभाळायची. लग्न केलं नाही. नोकरीभर पनवेलहून जा-ये केली. तिच्या ताब्यातली सगळ्यांत नाजूक वस्तू म्हणजे एका जुन्या लढाईच्या काचेच्या निगेटिव्ह, माणूस युद्धाचे फोटो काढायला नुकता शिकत होता तेव्हाच्या. एकदा तिने मला तिथे नेऊन त्यातली एक काच उजेडासमोर धरली. पडका बुरूज, उभे शिपाई धूसर, आणि जमिनीवर पडलेली माणसं मात्र स्वच्छ. "तेव्हा फोटो निघायला वेळ लागायचा," ताई म्हणाली. "जिवंत माणूस हलतो. मेलेला हलत नाही, म्हणून तो स्पष्ट येतो. यांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत रे. चेहरे तेवढे उरलेत."

ती निवृत्त झाली आणि पाठोपाठ नव्या दालनाचं काम निघालं. काचांच्या पेट्या तात्पुरत्या तळघरात हलवल्या. तिथल्या भिंतीला ओल येते हे ताईला माहीत होतं. ती पुन्हा पुन्हा जाऊन विनवायची. संग्रहालयाचे साहेब म्हणायचे, "मॅडम, उद्घाटन होऊ द्या, मग बघू." त्याच सुमारास तिला कॅन्सर निघाला. केमोने गळून गेलेली ताई साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहायची, शेजारी मी. परतताना गाडीत, पनवेलच्या अलीकडे कळंबोली येईस्तोवर, खिडकीला डोकं टेकून बसायची...

शेवटी कुणाला तरी दया आली. पेटी उघडली. काचेवरचा चित्राचा थर सुटून वेष्टणाच्या कागदाला चिकटला होता. ताईने मऊ ब्रशने एक पापुद्रा परत काचेवर सारायला घेतला. त्याची भुकटी झाली. दुसरा घेतला. तोही गेला.

"ताई, पुरे," मी म्हणालो.

कोऱ्या काचेवर बोट न टेकवता तिने एक जागा दाखवली. "इथे एक पोरगा होता. तोंड उघडं राहिलेलं. आता मी गेले की त्याला ओळखणारं कुणी नाही."

मी पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर ती आजाराशी झगडलीच नाही.

आता दालन उघडलंय. जुन्या, पुसट छापील प्रतीवरून मोठा केलेला तो फोटो भिंतीवर आहे. बुरूज, तोफ, शिपाई. खालचा भाग चौकटीत बसेना म्हणून कापलाय.

गेल्या आठवड्यात ताईचा फोटो फ्रेमला द्यायला बाजारात गेलो. घरातला कुठलाही फोटो ती दोन कडांनीच उचलायची, आम्हालाही तसंच उचलायला लावायची. दुकानदाराने घेतला तो अंगठा थेट तिच्या गालावर.

"कडांनी धरा," मी म्हणालो.

"पुसून देतो ना साहेब," म्हणत त्याने फडकं उचललं.

मी फोटो त्याच्या हातून काढून घेतला आणि तसाच, बिनफ्रेमचा, दोन कडांनी धरून घरी आलो.