तासाभराचा खुनी

पर्सी गॉस्नेलचं नाक लष्करातल्या मुष्टियुद्धात मोडलं, आणि पुढं त्या मोडक्या नाकानंच त्याला वीस वर्षं पोसलं.

युद्ध संपल्यावर तो दक्षिण लंडनमध्ये ट्रॉलीबसवर कंडक्टर होता. एकदा हॅडो नावाचे सिनेमा दिग्दर्शक त्याच्या बसमध्ये चढले. तिकीट घेताना त्यांनी वर पाहिलं आणि पाहातच राहिले.

"काय रे, कधी माणूस मारलायस का?"

"अजून तरी नाही, साहेब," पर्सी म्हणाला. "पण तुम्ही सुटे दिले नाहीत तर सांगता येत नाही."

थोड्याच दिवसांत तो मिचमजवळच्या एका लहानशा स्टुडिओत गोदामाच्या राखणदाराचा गळा आवळत होता.

थिएटरात मोठ्या चित्रपटाआधी जे तासाभराचे गुन्हेपट दाखवत, ते या स्टुडिओत निघायचे. पैसा अगदी बेताचा. जिना एकच होता. रंग बदलून तो तीन घरांत खुनाला उपयोगी पडे. काळी मोटार एकच. तीत सकाळी चोर बसायचे, दुपारी पोलीस. धुक्याचं यंत्र बंद पडलं की हॅडो सगळ्यांना सिगारेटी ओढायला लावत. आणि धुरातून पर्सी बाहेर आला, की प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायचा. शेवट मात्र ठरलेला. तासाभरात पर्सी एक तर पकडला जायचा नाही तर मरायचा.

त्याची बायको आयव्ही लॉन्ड्रीत इस्त्री करायची. नवऱ्याचा चित्रपट लागला की ती तिकीट काढून जाई आणि मोठा चित्रपट सुरू व्हायच्या आत उठे.

"अहो बाई, खरा सिनेमा तर आता सुरू होतोय," दारावरचा माणूस म्हणायचा.

"माझा नवरा पकडला गेला ना? मग आता राहिलं काय बघायचं?"

गल्लीतही चेष्टा चालायचीच. कोपऱ्यावरचा मासेवाला क्रिब दुकानातूनच ओरडायचा, "काय पर्सी, या वेळी फाशी की गोळी?"

"गोळी. फाशीचा खर्च परवडत नाही म्हणे त्यांना."

पर्सीची आई मात्र हसायची नाही. दर रविवारी नेमानं प्रार्थनेला जाणारी ती बाई. "तू चांगला माणूस होशील तेव्हा मला सिनेमाला घेऊन जा," एवढंच म्हणायची. पर्सी ते हसण्यावारी न्यायचा, पण मनाला लागायचंच.

मग एका हिवाळ्यात इन्स्पेक्टरचं काम करणारा नट बर्फावरून घसरला आणि पाय मोडून बसला. थांबायला पैसे नव्हते. हॅडोंनी त्याचा कोट आणि हॅट उचलून पर्सीच्या हातात ठेवली. कोट दंडात घट्ट होत होता, तरी पर्सीनं तो घरी नेऊन आयव्हीकडून दोनदा इस्त्री करून घेतला.

सगळीकडे लागायच्या आधी तो चित्रपट जवळच्याच थिएटरात दाखवून पाहायचा होता. पर्सी आईला हात धरून घेऊन गेला. पडद्यावर त्यानं दार ठोठावलं आणि अदबीनं हॅट काढली. मागून कुणीतरी ओरडलं, "आला बघा! हाच खुनी!" सगळं थिएटर खदखदून हसलं. पुढं इन्स्पेक्टर रडणाऱ्या विधवेसमोर चहाचा कप ठेवतो, तर वरून आवाज आला, "बाई, पिऊ नको गं तो चहा!"

आई तेवढी शांतपणे बघत होती. बाहेर आल्यावर तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. "शोभून दिसतोस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हॅडोंनी त्याला बोलावलं. "पर्सी, लोक आपल्यापेक्षा शहाणे निघाले. शेवट बदलू या. खून इन्स्पेक्टरनंच केलाय."

"साहेब, एकदा तरी राहू द्या. आईनं पाहिलाय तो."

"मला कळतंय रे. पण लोक तुझ्यावर विश्वास ठेवायला तयारच नाहीत, त्याला मी काय करू?"

पर्सीनं हॅट चढवली. नव्या शेवटात बेड्या पडायच्या आधी त्यानं पळायचं असं ठरलं होतं. तो पळाला नाही. हॅट काढून जिन्यावर बसला आणि दोन्ही हात पुढं केले. हॅडो कुजबुजले, "कॅमेरा थांबवू नका."

तो चित्रपट चांगलाच चालला. लोक मोठ्या चित्रपटाचं नाव विसरले, पण जिन्यावर बसलेला इन्स्पेक्टर त्यांच्या लक्षात राहिला. आईला बदललेला शेवट कुणीच सांगितला नाही. तसं कुणी कुणाला बजावलंही नव्हतं. क्रिब तिला हाक मारायचा, "या, इन्स्पेक्टरच्या आई! आज काय देऊ?" आणि म्हातारी मान ताठ करून दोन कॉडचे तुकडे मागायची. ती गेली तेव्हा लेक पोलिसात शोभतो, हे समाधान तिच्याजवळ होतं.

पुढं घरोघरी टीव्ही आले आणि थिएटरं ओस पडली. स्टुडिओत फर्निचरचं गोदाम झालं. पर्सी खिळे-कुलपांच्या दुकानात लागला, तिथूनच निवृत्त झाला. गल्ली पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या.

आता ते जुने चित्रपट टीव्हीवर दुपारी लागतात. पर्सी आणि आयव्ही चहा घेऊन बसतात. खुनी कोण हे दोघांनाही पाठ. पर्सीचं लक्ष स्वतःकडे नसतंच. खर्चाला पैसे नाहीत म्हणून हॅडो सरळ रस्त्यावर कॅमेरा लावायचे, त्यामुळे त्याच्या पाठीमागं अख्खी गल्ली उभी असते.

"ती बघ, शेजारच्या डोराच्या दोरीवरची चादर."

"तिनं आत घ्यायला हवी होती. कोळशाची गाडी येतेय," आयव्ही डोळे मिटूनच म्हणते.

थोड्या वेळानं तिला डुलकी लागते. पर्सी आवाज बारीक करतो. पडद्यावर त्याच्यामागं पोलीस धावत असतात आणि त्यांच्याही मागं कोळसेवाल्याचा पांढरा घोडा कुणाकडेही न बघता सावकाश रस्ता ओलांडत असतो. तो पलीकडे पोचेपर्यंत पर्सी बघत राहतो.