आखूड पडलेले चेंडू

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. वर्तमानपत्रवाले मुलाखतीला यायचे, त्यांना तर नाहीच — त्यांना मी हसत हसत दुसरंच काहीतरी सांगायचो. आज तुम्हाला सांगतो आहे. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

मी टेनिस चांगलं खेळायचो. इथे खोटी नम्रता नको. धामणगाव बढ्याच्या किराणा दुकानदाराचा पोरगा, बुलढाण्याला शिकायला आला आणि साहेबांच्या नजरेत भरला. साहेब म्हणजे जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी. तिथल्या क्लबात मुरमाची दोन कोर्टं होती, पण खेळायला माणूस नसायचा, कारण अंमलदार येत आणि बदलून जात. म्हणून साहेबांनी हायस्कूलमधून दोन पोरं निवडली. एक मी, दिगंबर. दुसरा नामदेव, पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याचा मुलगा. पांढरी पॅंट आम्हा दोघांत मिळून एकच होती. ती घालायची पाळी ज्याची असे, तो त्या दिवशी जास्त ऐटीत खेळे.

नामदेव नेटजवळ उभा राहिला की भिंत उभी राहिल्यासारखं वाटायचं. मी मागून मारायचो, तो पुढे संपवायचा. अकोला, अमरावती — आमची जोडी कुणाला ऐकायची नाही. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, आम्हीही नवे होतो. आपण कुठवर जाणार, हा प्रश्नच पडायचा नाही. जाणार, एवढं पक्कं माहीत होतं.

मग नागपूरची स्पर्धा आली. एकेरीत मी लवकर हरलो, पण ज्याच्याशी हरलो तो मोठा खेळाडू होता आणि मी त्याला घाम फोडला होता. दुहेरीत आम्ही उपांत्य फेरीत पोचलो. त्या सामन्याच्या दिवशी दुपारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मुंबईच्या एका गिरणीचे मॅनेजर मला बाजूला घेऊन गेले. गिरणीला पगारावर एक तरुण खेळाडू हवा होता. काम नावाला, खेळणं खरं. ‘आमचा संघ मद्रासला जातोय,’ ते म्हणाले, ‘आज संध्याकाळच्या गाडीनं. येत असाल तर तुमची जागा. उद्या फायनल खेळायला थांबलात, तर मला दुसरा मुलगा घ्यावा लागेल.’

आता तुम्ही म्हणाल, सामना सोडता आला नसता का? आला असता. नामदेवला नुसतं सांगितलं असतं, तरी तो म्हणाला असता, जाय बे, काऊन थांबतं? मला ठाऊक होतं तो हेच म्हणेल. पण साहेबांचा एक नियम होता — नाव दिलेली स्पर्धा खेळाडू अर्धवट टाकत नाही. त्यांच्यासमोर जाऊन ‘मी चाललो’ म्हणायची माझी छाती नव्हती. आणि — हे सांगणं सोपं नाही — मला जायचंही होतं आणि चांगलंही राहायचं होतं.

तेव्हा मी काय केलं?

मी हरलो. मुद्दाम. पण ते कसं केलं, ते ऐका. चेंडू नेटमध्ये मारले असते, तर ते साहेबांच्या लक्षात आलं असतं. दुहेरीत जोडीदाराला बुडवायची दुसरी रीत असते. सर्व्हिस जराशी हळू टाकायची, समोरच्याच्या आवडत्या हाताला. त्याचा फटका मग नेटजवळ उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या पायांत जातो. लॉब, म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरून टाकायचा चेंडू, उंच मारायचा, पण हातभर आखूड. समोरचा तो वरच्यावर ठोकतो, आणि पुन्हा तोच नेटजवळचा माणूस तोंडघशी पडतो. बघणाऱ्याला चूक त्याचीच दिसते.

मी हे सफाईनं केलं. हातात तेवढी कला होतीच. एक चेंडू नामदेवच्या छातीवर बसला. त्यानं तिथं चोळलं, माझ्याकडे बघून मान हलवली — म्हणजे, मी ठीक आहे, तू खेळ. मी पुढचा लॉबही आखूडच टाकला. साहेब बाहेरून म्हणाले, ‘नामदेव, लक्ष कुठं आहे तुझं?’ ते त्याला एवढंच बोलले. पण त्यानंतर त्यांनी त्याला कुठल्याच स्पर्धेला नेलं नाही.

सामना संपल्यावर नामदेव नळाखाली डोकं धरून बसला होता. मी गेलो, तर त्यानं वर बघितलंच नाही.

‘माह्यामुळं हारलो बे आपन,’ तो म्हणाला. ‘आज मले बॉल दिसूनच नाही राह्यला. तुह्यं नुकसान केलं म्या.’

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘जाऊ दे नामदेव. होते असं.’

म्हणजे मी त्याला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? हरण्यापेक्षा मला ती माफी जास्त छळते. तो उपकार झाल्यासारखा माझ्याकडे बघत होता. गिरणीच्या नोकरीचं सांगितलं, तर संध्याकाळी माझी पेटी त्यानंच उचलली, स्टेशनवर त्यानंच जागा धरून दिली.

पुढचं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. गिरणी, मद्रास, कलकत्ता, परदेशाच्या दोन वाऱ्या. मी मिळवलं ते खेळून मिळवलं, ते मी नाकारत नाही. नामदेव गावी परतला, शेतीला लागला. रॅकेट त्यानं पुन्हा धरली नाही.

निवृत्तीनंतर मी एकदा त्याच्या गावी गेलो. त्यानं ओट्यावर सतरंजी टाकली, सुनेला चहा सांगितला, शेजारची माणसं बोलावली. ‘हा माहा पार्टनर,’ तो त्यांना म्हणाला. ‘नागपूरले म्याच बुडवलं याले. पन यानं कधी एका शब्दानं बोलून नाही दाखवलं मले.’ माणसं माझ्याकडे कौतुकानं बघू लागली. मी बशीत चहा ओतला आणि म्हणालो, ‘जुनी गोष्ट हाय. सोड ना आता.’

पुढच्या उन्हाळ्यात नामदेव गेला. तेराव्याला मी गेलो. जेवणं झाल्यावर त्याचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, ‘काका, एक विचारू? बाबा जल्मभर तेच सांगत होते. त्या मॅचमंदी त्यायच्या खरंच एवढ्या चुका झाल्या व्हत्या का?’

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

‘हाव,’ मी म्हणालो. ‘पण मी त्याले कधी बोललो नाही.’