वेंटमास्तरांची टकटक

त्यांचं खरं नाव फारसं कुणाच्या लक्षात नव्हतं. अख्खी गल्ली त्यांना वेंटमास्तर म्हणायची. मेव्हण्याच्या इंग्रजी क्लासात ते क्रियापदांची भूतकाळाची रूपं पोरांकडून घोकवून घ्यायचे, तीसुद्धा नेमकी नियमाला न जुमानणारी. पद्धत ठरलेली. मास्तरांनी टेबलावर डस्टरने दोनदा टकटक केली, की वर्ग एकसुरात ओरडायचा, 'गो, वेंट, गॉन!' आणि मग बाकीच्या क्रियापदांची फौज मागोमाग. कुणी 'कॅच्ड' म्हणालं तर मास्तरांच्या कपाळाची शीर उडायची. "अरे कॉट, कॉट! इंग्रजांनी घोळ घालून ठेवलाय, त्यात माझा काय गुन्हा?"

लग्नानंतर हाताला काम नव्हतं, तेव्हा मेव्हणा म्हणाला होता, "भावोजी, तात्पुरतं शिकवा हो." त्या तात्पुरत्यात मास्तरांचे केस पिकले. राहायला क्लासामागची खोली, तीही मेव्हण्याची. जेवायला बसायचं ते मेव्हण्याच्याच स्वयंपाकघरात. रागावून निघून जायचं म्हटलं, तर एका झटक्यात नोकरी, छप्पर आणि सासुरवाडी तिन्ही सुटायचं. मेव्हणा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत! वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"अहो, मला एकदा स्वतःच्या चुलीवर भाजी करपवायचीय," बायको म्हणायची. "वहिनीच्या देखत धड करपवताही येत नाही."

आणि मग एका गोदामाच्या कचेरीत जागा निघाली. इंग्रजी पत्रं लिहायची, आणि वर राहायला दोन खोल्या. बायकोने गुपचूप शर्टाला इस्त्री केली. मेव्हण्याला सांगितलं, डोळे तपासायला जातोय. निघताना ती दारात हळूच म्हणाली, "दोन खोल्या, हो! एकीत बसून दुसरीत हाका मारू एकमेकांना." मास्तर इतक्या दिवसांनी मोकळं हसले.

कचेरीत मिशाळ साहेब कागद वाचत बसले होते. मान वर करायचं नाव नाही. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. आणि हाताला तर काय, जन्माची खोड. बोटं टेबलावर वाजली. टक, टक.

"गो, वेंट, गॉन!" साहेब ओरडले.

शेजारच्या टेबलावरचा कारकून दचकून उभा राहिला. साहेबांनी मास्तरांकडे निरखून पाहिलं आणि ताडकन उठले. "सर! तुम्ही? अहो, मी शेवटच्या बाकावरचा! तुमच्यामुळे या खुर्चीत बसलोय मी!"

मास्तरांना भरून आलं. झालं, काम फत्ते! मनातल्या मनात त्यांनी दोन खोल्यांत सामान लावायलाही घेतलं.

"पण सर, तुम्ही माझ्या हाताखाली?" साहेबांनी कान पकडले. "छे छे! माझ्या हातून हे व्हायचं नाही. आणि तुम्ही आलात तर त्या पोरांना कोण घडवणार?"

"अहो, मला चालेल," मास्तर काकुळतीला आले. "खरंच चालेल. मला हवीय ही नोकरी."

"तुमचा मोठेपणा आहे, सर," साहेब म्हणाले आणि त्यांनी थेट मेव्हण्याला फोन लावला. "तुमच्याकडे हिरा आहे, हिरा! जपा त्याला."

मास्तर परतले तेव्हा मेव्हणा वर्गाच्या दाराशीच उभा होता. डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. उलट हात धरून म्हणाला, "भावोजी, चुकलं माझं. तुमची किंमतच कळली नाही मला. आता आयुष्यभर कुठं जायचं नाही. ही खोली तुमचीच समजा." मागे बायको उभी होती. तिने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, काय ते समजली, आणि वहिनीच्या स्वयंपाकघरात निघून गेली.

संध्याकाळचा वर्ग भरला. मास्तर टेबलाशी गेले. डस्टर उचलला आणि तसाच हातात धरून राहिले. आज नाही वाजवायचा. निदान आज तरी नाही. बघू दे काय होतं ते.

पोरांनी क्षणभर वाट पाहिली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी बाकावरच दोनदा बोट आपटलं, आणि सगळा वर्ग सुरू झाला. मास्तरांचे ओठही त्यांच्याबरोबर हलत होते.